विमानाचे पाय सुतात आणताना

घरी बांधलेलं विमान पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर उभं राहतं, तेव्हा बांधणाऱ्याला ते जवळजवळ पूर्ण झाल्यासारखं वाटतं. तोवर ते लाकडी घोड्यांवर पडलेलं पत्र्याचं धूड असतं. पाय लागले की त्याला उभं राहण्याची ढब येते. आणि नेमकं याच टप्प्यावर हातात ओळंबा, गुण्या, स्पिरिट लेव्हल आणि खडू लावलेली दोरी घेऊन जमिनीवर गुडघे टेकावे लागतात. चाकं सरळ आहेत का, हे पाहायचं असतं. प्रश्न सोपा दिसतो. पण विमानाच्या बाबतीत ‘सरळ’ म्हणजे किती वजनाखाली सरळ आणि कोणत्या पवित्र्यात सरळ, हे आधी ठरवल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही.

घरच्या घरी विमान बांधण्याची चळवळ सर्वांत जोमानं वाढली ती अमेरिकेत. तिथल्या हवाई नियमांत हौशी बांधणीचा स्वतंत्र वर्ग आहे. विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसानं शिक्षणासाठी किंवा छंदासाठी स्वतः बांधलेला असला पाहिजे, ही त्याची मुख्य अट. पॉल पोबेरेझनी यांनी १९५३ साली विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी परिसरात एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू केली. तिचा वार्षिक मेळावा १९७० पासून त्याच राज्यातल्या ऑशकॉश गावी भरतो. रिचर्ड व्हॅनग्रुन्स्वेन यांनी १९७३ मध्ये ऑरेगन राज्यात स्थापन केलेल्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या आरव्ही मालिकेतली विमानं तर आता हजारोंच्या संख्येनं उडतात, आणि त्यांतली बहुतेक कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जोडलेली असतात. आपल्याकडे घरी बांधलेलं विमान म्हटलं की कॅप्टन अमोल यादव आठवतात. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी बांधलेलं विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, आणि २०१७ मध्ये त्याची अधिकृत नोंदणी झाली. जागा गॅरेज असो वा गच्ची, कारखान्यातले पक्के साचे हाताशी नसतात. कारखान्यात साचा जी अचूकता आपोआप देतो, ती इथे मोजून मिळवावी लागते.

लहान विमानाच्या पायांबद्दल बोलताना ऑशकॉशचेच स्टीव्ह विटमन यांना वगळून चालणार नाही. शर्यतीतले वैमानिक आणि विमानांचे रचनाकार असलेल्या विटमन यांनी स्प्रिंगच्या पोलादाचा साधा पाय रूढ केला. त्यात सांधे नाहीत, रबरी दोऱ्या नाहीत, तेलाचे डँपर नाहीत. पोलादाची एक पट्टी धडातून बाहेर आणि खाली उतरते, तिच्या टोकाला आस असतो, आणि उतरतानाचा धक्का पट्टी वाकून पचवते. सेस्ना कंपनीनं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या १२० आणि १४० या विमानांत हीच कल्पना वापरली. पुढे विटमन यांच्याच टेलविंड विमानात पट्टीची जागा निमुळत्या गोल दांड्यानं घेतली, आणि आरव्ही विमानांचे पाय त्याच वंशातले. ऑशकॉशच्या विमानतळाला आज विटमन यांचं नाव आहे. हा पाय हलका आणि स्वस्त असतो, त्याला फारशी देखभाल लागत नाही, म्हणून घरी बांधणाऱ्यांना तो फार आवडतो. पण तो वाकतो, आणि वाकला की टोकाच्या चाकाची दिशाही बदलते. मोजमापाची सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

चाकाचे दोन कोन महत्त्वाचे. व्हील अलाइनमेंटसाठी गाडी नेणाऱ्यांना त्यांची नावं ओळखीची असतील. वरून पाहिलं असता दोन्ही चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे वळलेली असतील तर तो टो-इन, बाहेर वळलेली असतील तर टो-आउट. समोरून पाहिलं असता चाक उभ्या रेषेतून कललेलं दिसतं तो कॅम्बर. माथा बाहेर झुकला असेल तर धन, आत झुकला असेल तर ऋण. दोन्हींत खोडकर टोच. चाक फक्त १ अंशानं तिरकं असेल तर १०० मीटर धावताना त्याला पावणेदोन मीटर बाजूला जायचं असतं. दुसरं चाक त्याला जाऊ देत नाही, मग रबर घासत राहतं. कॅम्बर चुकला तर मुख्यतः टायरची एकच कड झिजते. टायर उलटा करून बसवला की काही काळ भागतं, म्हणून त्यावर मी इथे फार शब्द खर्च करत नाही.

आता टो-इन ठेवायचा की टो-आउट? इथे मोटारीच्या गॅरेजमधला अनुभव बऱ्याच जणांना चकवतो. गाडीची चाकं किंचित आत वळलेली ठेवली की ती सरळ धावते, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि तेच विमानाला लावलं जातं. विमानाला ते लागू पडेल की नाही, हे गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे आहे की मागे, यावर ठरतं.

शेपटीला चाक असलेलं विमान घ्या. त्याची दोन मुख्य चाकं पुढे असतात आणि गुरुत्वमध्य त्यांच्या मागे. सरळ धावताना कुरबुर नाही. पण नाक जरासं उजवीकडे वळलं, की वजनाचा जडपणा जुन्याच दिशेनं पुढे जाऊ पाहतो आणि मागून ढकलत ते वळण आणखी वाढवतो. भरलेली हातगाडी ओढताना मुकाट मागे येते आणि ढकलताना हातातून निसटू पाहते, तसंच हे. वैमानिकानं पायांनी वेळेवर सावरलं नाही तर विमान स्वतःभोवती गिरकी घेतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. त्यात बाहेरच्या बाजूच्या पंखाचं टोक जमिनीला घासतं, कधी पायच मोडतो. जीव बहुतेकदा वाचतो, पण कैक वर्षांची मेहनत काही सेकंदांत खरवडून निघते.

या क्षणी टो काय करतो ते पाहू. विमान उजवीकडे वळलं की भार बाहेरच्या, म्हणजे डाव्या चाकावर येतो. ज्या चाकावर भार जास्त, त्याचंच जमिनीवर जास्त चालतं. टो-इन असेल तर डावं चाक उजवीकडे तोंड करून असतं. ते विमानाचा पुढचा भाग उजवीकडेच खेचतं आणि बिघडलेलं वळण अधिक बिघडवतं. टो-आउट असेल तर तेच चाक डावीकडे खेचतं आणि वळणाला थोडा विरोध करतं. नाकाखाली चाक असलेल्या विमानात गणित नेमकं उलटं होतं. तिथे मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या मागे असतात, त्यामुळे टो-इन असलेलं बाहेरचं चाक शेपटीकडचा भाग वळणाच्या आतल्या बाजूला ढकलतं आणि नाक पुन्हा सरळ होतं. तेव्हा टो-इन चांगला की वाईट याचा निकाल चाकाकडे पाहून लागत नाही, गुरुत्वमध्य कुठे आहे ते आधी पाहावं लागतं. अनुभवी बांधणाऱ्यांमध्येही यावरून वाद होतात, आणि त्यातले बरेचसे दोन वेगळ्या रचनांबद्दल बोलत असल्यामुळे होतात असं मला वाटतं.

शेपटीचाकाच्या विमानातही थोडा टो-इन हवा म्हणणाऱ्यांकडे एक दखल घेण्याजोगं कारण असतं. विमान धावताना आणि ब्रेक लावताना जमीन चाकाला मागे ओढते, लवचिक पाय किंचित मागे वाकतो आणि चाक बाहेरच्या दिशेला वळतं. म्हणून उभ्या विमानात थोडा टो-इन ठेवला तर धावताना तो शून्यावर येईल, असा त्यांचा हिशेब. हिशेब खोटा नाही, पण पाय किती वाकेल हे त्याच्या जाडीवर, लांबीवर आणि धावपट्टीवर अवलंबून असतं. मला विचाराल तर शेपटीचाकाच्या विमानासाठी सुरुवात शून्यापासून करावी, आणि चूक होणारच असेल तर ती टो-आउटच्या बाजूनं व्हावी.

पण शून्य कोणत्या अवस्थेतलं? विमान हवेत असताना किंवा जॅकवर उचललेलं असताना पायांवर भार नसतो. ते खाली लोंबतात, चाकांचे तळ एकमेकांकडे येतात आणि माथे बाहेर जातात, म्हणजे कॅम्बर धन होतो. विमान टेकलं, त्यात इंधन भरलं, माणसं बसली की पाय फाकतात आणि चाकं उभी होत जातात. यात पवित्र्याची भर घाला. शेपटीचाकाचं विमान उभं असताना त्याचं नाक आकाशाकडे असतं, साधारण १० ते १२ अंशांनी. शेपटी उचलून धावताना तेच धड आडवं होतं. धड आडवं असताना चाकाला ५ अंश धन कॅम्बर असेल आणि शेपटी खाली आल्यानं ते १२ अंशांनी कललं, तर आसाचं बाहेरचं टोक किंचित पुढे सरकतं. भूमितीनं हिशेब केला तर सुमारे १ अंश टो-इन तयार होतो. कुणी तो ठेवला नव्हता, कुठल्याही नकाशात तो नसतो, कॅम्बरच शेपटीबरोबर टोमध्ये उतरलेला असतो.

हे पहिल्यांदा कागदावर मांडून पाहिलं तेव्हा मी बराच वेळ त्या आकृतीकडे पाहत राहिलो. विमान उतरतं तो क्षण आठवा. तिन्ही चाकं एकदम टेकताहेत, शेपटी खाली आहे, पंख अजून बरंचसं वजन पेलताहेत, म्हणून पाय अर्धवट लोंबलेले आहेत आणि कॅम्बर धन आहे. म्हणजे नको असलेला टो-इन सर्वांत जास्त कधी असतो, तर वैमानिकाला सर्वांत जास्त सावध राहावं लागतं त्याच वेळी. धड आडवं ठेवून, रिकाम्या विमानावर एकदाच घेतलेलं माप ही गोष्ट दाखवतच नाही. म्हणून शेपटी खाली आणि शेपटी वर, रिकामं आणि भरलेलं, अशी चारही मापं घेऊन बांधणीच्या वहीत लिहून ठेवावीत. वेळ जातो, पण नंतर विमान एखाद्या बाजूला ओढायला लागलं तर हीच पानं उपयोगी पडतात.

प्रत्यक्ष मोजणीत पहिला शत्रू म्हणजे टायरची पकड. विमान जॅकवरून खाली ठेवलं की चाकं जिथे टेकतात तिथेच चिकटतात, पायांना मोकळेपणानं फाकता येत नाही, आणि सगळी मापं खोटी येतात. त्यावर जुना उपाय असा. प्रत्येक चाकाखाली ॲल्युमिनियमच्या दोन चौकोनी पाट्या ठेवायच्या आणि मधे भरपूर ग्रीस थापायचं. वरची पाटी खालच्या पाटीवरून सहज घसरते आणि पाय आपल्या खऱ्या जागी येऊन बसतात. पाट्या नसतील तर विमान थोडं पुढे-मागे ढकलून मगच माप घ्यावं. टायरमधली हवा दोन्हीकडे सारखी हवी, आणि फरशी समतल हवी किंवा तिचा उतार मोजून तेवढी पाचर एका चाकाखाली घातलेली हवी.

मग येते मध्यरेषा. धडाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाजवळ, नेमक्या मध्यावरून दोन ओळंबे सोडायचे, फरशीवर त्यांचे बिंदू घ्यायचे, खडूची दोरी ताणून टिचकी मारायची. फरशीवर उमटलेली ही रेघ म्हणजे विमानाचा कणा. आता शेपटीकडच्या बिंदूपासून दोन्ही आसांच्या टोकांपर्यंतची अंतरं मोजायची. ती सारखी भरली नाहीत तर एक चाक दुसऱ्याच्या पुढे आहे, आणि अशा वेळी टो मोजण्याची घाई करू नये. आधी पाय जागेवर आणावेत.

टो मोजताना दोन चाकांमधलं पुढचं आणि मागचं अंतर मोजून वजाबाकी करण्याचा मोह होतो. त्यातून फक्त बेरीज कळते. दोन्ही चाकं उजवीकडे अर्धा-अर्धा अंश वळलेली असतील तर बेरीज शून्य येईल, विमान मात्र कण्याशी तिरकं होऊन धावेल आणि शेपटीचं चाक एका बाजूनं फरफटत राहील. म्हणून प्रत्येक चाक स्वतंत्रपणे खडूच्या रेघेशी ताडून पाहायचं.

लहान विमानांत सर्रास वापरला जाणारा ५.००-५ मापाचा टायर साधारण ३५५ मिलिमीटर व्यासाचा असतो. पाव अंशाचा टो त्याच्या पुढच्या आणि मागच्या कडांमध्ये दीड मिलिमीटरचा फरक दाखवतो. रबराच्या फुगीर, खडबडीत कडेवर दीड मिलिमीटर विश्वासानं मोजता येत नाही. म्हणून माप टायरवरून घेऊच नये. आसाला किंवा ब्रेकच्या चकतीला सव्वा मीटरच्या आसपास लांबीचा ॲल्युमिनियमचा सरळ अँगल क्लॅम्पनं आवळावा आणि त्याच्या दोन टोकांपासून रेघेपर्यंतची अंतरं घ्यावीत. १.२ मीटर लांबीवर तोच पाव अंश ५ मिलिमीटरहून जास्त होतो. हल्ली बरेच जण चकतीला लेसर बांधतात. ६ मीटर दूरच्या भिंतीवर पाव अंश म्हणजे २६ मिलिमीटर, साध्या पट्टीनंही दिसेल इतका. फक्त लेसरचा किरण चकतीला समांतर आहे याची खात्री हवी. त्यासाठी चाक अर्धा फेरा फिरवून ठिपका पुन्हा पाहायचा आणि दोन्हींची सरासरी घ्यायची.

दुरुस्तीचा मार्ग पायाच्या प्रकारावर ठरतो. पट्टीच्या पायाला आस चार बोल्टांनी बसवलेला असतो, आणि आसाची चौकट व पाय यांच्यामध्ये निमुळती शिम सरकवता येते. जाड कड पुढे ठेवली तर चाकाचं पुढचं टोक बाहेर जातं आणि टो-इन कमी होतो. जाड कड खाली ठेवली तर चाकाचा तळ बाहेर जातो आणि धन कॅम्बर कमी होतो. ६० मिलिमीटरच्या चौकटीवर अर्ध्या अंशासाठी दोन कडांच्या जाडीत फरक लागतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. शिमेवर शिम चढवत जाणं मात्र वाईट. बोल्टाचं डोकं सपाट बसत नाही, बोल्ट वाकडा ताणला जातो आणि चाक ज्यावर टिकून आहे तोच सांधा कमजोर होतो. फार मोठी दुरुस्ती लागत असेल तर दोष पायात किंवा तो धडाला जिथे जोडला आहे तिथे आहे, आणि तिथेच तो काढला पाहिजे.

गोल दांड्याच्या पायात शिमेची सोय कमी असते. तिथे दांडा धडातल्या खोबणीत फिरवून दिशा ठरते आणि आरपार भोक पाडून बोल्टनं ती कायमची बांधली जाते. आरव्हीच्या जुन्या किटमध्ये हे भोक बांधणाऱ्यालाच पाडावं लागे, पुढे बरंचसं काम कारखान्यातच होऊन येऊ लागलं. भोक चुकलं तर पुढच्या मापाचा जाड बोल्ट घालून एकदा निभावता येतं, दुसऱ्यांदा नाही. म्हणून ड्रिल चालवण्याआधी सगळी मापं मोडून, पाट्यांवर नव्यानं ग्रीस लावून, विमान हलवून पुन्हा घ्यावीत. दोन्ही वेळची मापं जुळली तरच ड्रिल हातात घ्यावं.

या विषयात खोल शिरायचं असेल तर लॅडिस्लाओ पाझमनी यांचं हलक्या विमानांच्या लँडिंग गिअरवरचं पुस्तक बांधणाऱ्यांच्या टेबलावर हमखास दिसतं. ते स्वतः हौशी बांधणीच्या विमानांचे रचनाकार होते. पाय धडाला कुठे असावेत, हा मूळ प्रश्न नकाशातच सुटलेला असतो, आणि तो चुकलेला असेल तर कितीही बारीक टो जुळवून विमान शहाणं होत नाही. चाकं गुरुत्वमध्याच्या फार पुढे असली तर गिरकीची ओढ वाढते, फार जवळ असली तर जोरात ब्रेक लावताच विमान नाकावर उभं राहतं.

चाकांवर पाण्याच्या थेंबाच्या आकाराची आवरणं बसवायची असतील तर पुन्हा एक उलटापालट करावी लागते. चाकं जमिनीसाठी जुळवायची म्हणून ती भाराखाली मोजली. आवरणं मात्र हवेसाठी असतात, आणि हवेत पाय लोंबलेले असतात. म्हणून विमान जॅकवर उचलून, धड उड्डाणाच्या पवित्र्यात आडवं करून, चाकांवरचा भार काढून आवरणांची नाकं कण्याशी समांतर लावायची. जमिनीवर परत उतरवलं की ती किंचित वाकडी दिसतात आणि पाहणारा हमखास विचारतो. दिसू द्यावीत. वेग हवेत मिळतो.

पहिली धाव संथ, वाऱ्याविना, शक्यतो गवताच्या पट्टीवर घ्यावी. गवतावर चाकाला थोडं घसरायला वाव असतो. डांबरावर तो नसतो, म्हणून गवतावर गुणी वाटलेलं विमान डांबरावर तिरकस चालायला लागू शकतं, आणि खरी परीक्षा तिथेच होते. अमेरिकेत अशा विमानाला आधी साधारण २५ किंवा ४० तास चाचणी उड्डाणं करावी लागतात. इंजिन आणि पंखा यांची जोडी प्रमाणित असेल तर २५, नसेल तर ४०. या तासांत टायरची झीज दर काही उड्डाणांनंतर बोटांनी चाचपावी. रबराच्या खाचा एका दिशेनं हात फिरवला की गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारख्या लागल्या, तर टो अजून चुकलेला आहे. झीज फक्त बाहेरच्या कडेला आणि सारखी असेल, तर विमान बहुतेक वेळा हलकं उडवलं जातंय आणि पाय पुरते फाकत नाहीत. आणि एखादं उतरणं दणकून झालं, तर त्या दिवशी विमान झाकून ठेवण्याआधी पाट्या, ग्रीस आणि दोरी पुन्हा बाहेर काढावी, कारण स्प्रिंगचं पोलाद मर्यादेपलीकडे वाकलं की पूर्ववत होत नाही आणि डोळ्यांना ते दिसतही नाही.